जुन्या कागदातली तारीख कशी तपासावी?

घटना एकाच दिवशी घडलेली असते. कागद कितीही निघाले तरी तो दिवस बदलत नाही, बदलतो तो आपला भरवसा. म्हणून आधी साक्षीदार तपासा. शिवजन्माचाच वाद घ्या: एकीकडे शके १५४९ वैशाख शुद्ध द्वितीया, दुसरीकडे शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया.

लिहिणारा घटनेपासून किती दूर होता? पहिली तिथी देणारी चिटणीस बखर १८१० च्या सुमाराची. कवींद्र परमानंदाचे शिवभारत मात्र महाराजांच्या हयातीतले, आणि त्यात शक १५५१ आहे.

मग साक्षी खरोखर वेगळ्या आहेत का? चार बखरींनी एकमेकींवरून उतरवले असेल तर ती साक्ष एकच. इथे बहुतेकांची गल्लत होते. टिळकांनी १९१६ मध्ये छापलेली जेधे शकावली, म्हणजे शकवार नोंदींची यादी, कारीच्या देशमुखांकडची, शिवभारताची पोथी तंजावरची. एक कोरडी टाचणे, दुसरे संस्कृत काव्य. तरीही दोहोंची तिथी एकच, म्हणून या जोडीला वजन आहे.

शकावली ही नक्कल आहे, आणि नकलेत आकडा सहज चुकतो. त्यासाठी संवत्सर, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातले त्या वर्षाचे नाव, पडताळा: शकात १२ मिळवून ६० ने भागा. १५५१ मध्ये १२ मिळवले की १५६३, भागल्यावर बाकी ३, म्हणजे तिसरा संवत्सर शुक्ल. शकावलीतही शुक्लच आहे. नंतर वार पाहा. वार न जुळल्यास दिवसाला सूर्योदयाच्या वेळची तिथी धरली होती का, ते बघून एका दिवसाची सूट द्या. वार जुळला म्हणून मात्र हुरळू नका, चुकीची तारीखही सातात एकदा जुळतेच.

इसवी सन काढताना चैत्रापासून डिसेंबरअखेर ७८ मिळवा, १ जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. फाल्गुन १५५१ म्हणजे १६३०. सरसकट ७८ मिळवणारा १६२९ लिहून बसतो. १९ फेब्रुवारी १६३० ही जुन्या जुलियन पंचांगातली तारीख आहे, आजच्या ग्रेगोरियन पंचांगात १ मार्च. वार दोन्हीकडे शुक्रवार, शकावलीतलाच.

सुरतेच्या इंग्रजांच्या पत्रांत जास्त जपा. ते जुलियन पंचांग वापरत आणि त्यांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे त्यांचा ‘फेब्रुवारी १६६३’ आपला १६६४ असू शकतो. पोर्तुगीज कागद त्या काळी ग्रेगोरियन, म्हणजे १० दिवस पुढे. टिपण करताना मूळ तिथी, कागदाचे नाव आणि आपला हिशोब वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. मूळ तिथी खोडून त्या जागी इसवी तारीख कधीच घालू नका.