सावल्यांचे फोटो काढताना या चुका टाळा

खिडकीच्या गजांची सावली खुर्चीवर तिरकी पडलेली असते, टेबलावरच्या ग्लासातून उजेडाच्या रेघा फुटलेल्या असतात. डोळ्यांना हे सगळं सुरेख दिसतं आणि फोटोत मात्र मिळमिळीत उतरतं. मोबाइलचा कॅमेरा सावल्या सौम्य करायच्या बेतानेच बनवलेला असतो. उन्हाकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा नीट दिसावा म्हणून तो काळोखा भाग आपणहून उजळतो. आपल्याला तर नेमकी तीच सावली हवी असते. म्हणून या प्रकारच्या फोटोंत उजेड किती घ्यायचा हे कॅमेऱ्यावर सोडू नका, स्वतः ठरवा.

ऊन पांढरंफटक, सावली राखाडी

ही सर्वांत जास्त आढळणारी तक्रार. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचं आहे, असं कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर धरून चालतं. फ्रेमचा बराचसा भाग सावलीत असला, की त्याला वाटतं उजेड कमी पडतोय. मग कॅमेरा एक्सपोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, वाढवतो आणि उन्हाचा कवडसा जळून जातो. जळालेल्या पांढऱ्या भागात काहीच उरत नाही. कपाची कड, कापडाची वीण, सगळं गेलेलं असतं आणि एडिटिंगमध्येही ते परत येत नाही. काळोख्या भागातून मात्र नंतर बरंच काही बाहेर काढता येतं.

उपाय सोपा आहे. फ्रेममधल्या सगळ्यात उजळ जागेवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर लॉक होऊ द्या आणि मग स्लायडर खाली ओढा. कॅमेऱ्यावर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमीजास्त करायची सोय) -१ पासून सुरुवात करा, गरज वाटली तर -२ पर्यंत जा. एचडीआर, म्हणजे उजळ आणि काळोख्या भागांतला फरक आपोआप कमी करणारी सोय, बंद करा. फोन ते बंद करू देत नसेल तर प्रो मोडमध्ये (सगळं हाताने ठरवायच्या मोडमध्ये) रॉ, म्हणजे फोनने प्रक्रिया न केलेली, फाइल घ्या. हे सगळं करून नंतर एडिटिंगमध्ये ‘शॅडोज’चा स्लायडर वर नेलात, तर केलेली मेहनत आपल्याच हाताने पुसली जाते.

सावलीची कड धूसर येते

इथे बहुतेक जण फोकसला दोष देतात आणि पुन्हा पुन्हा फोटो काढत बसतात. खरं कारण बहुधा अंतरात असतं. आकाशात सूर्याची रुंदी साधारण अर्धा अंश दिसते. तो बिंदू नसल्यामुळे सावलीच्या कडेला नेहमी एक अर्धवट उजेडाची पट्टी असते आणि वस्तू पृष्ठभागापासून जितकी दूर, तितकी ती रुंद होते. हिशेब सोपा: अंतराला साधारण ११० ने भागा. गज भिंतीपासून १ मीटरवर असतील तर कड सुमारे ९ मिलिमीटर धूसर होणार, ३ मीटरवर जवळजवळ ३ सेंटिमीटर. लेन्स कितीही भारी असली तरी यात फरक पडत नाही.

किसणी घेऊन हे स्वतः पाहा. उन्हात पांढऱ्या कागदाला जवळजवळ टेकवून धरली, की प्रत्येक भोक त्याच्या खऱ्या आकारात उमटतं, भोकाची वर आलेली धारसुद्धा ओळखू येते. हळूहळू दूर नेत चला. कडा विरघळायला लागतात, लांबट भोकंही गोल होत जातात आणि अर्ध्या मीटरच्या आसपास कागदावर उजेडाचे मऊ, एकमेकांत मिसळलेले ठिपके उरतात. प्रत्येक ठिपका म्हणजे सूर्याचीच प्रतिमा असते! झाडाच्या पानांतून जमिनीवर पडणारे कवडसे गोल दिसतात तेही याचमुळे. दोन्ही रूपं सुंदर आहेत, पण कोणतं हवं हे आधी ठरवा आणि वस्तू त्यानुसार पुढेमागे करा.

दिव्याच्या उजेडात हाच नियम जास्त कडकपणे जाणवतो. साधा दुधी बल्ब सुमारे ६ सेंटिमीटर रुंद असतो. तो वस्तूपासून १ मीटरवर आणि वस्तू भिंतीपासून १० सेंटिमीटरवर असेल, तर कड ६ मिलिमीटर धूसर. बल्ब लांब न्या, किंवा खोलीत अंधार करून दुसऱ्या फोनचा टॉर्च वापरा. त्याचा एलईडी इतका लहान असतो, की काट्याच्या दातांची सावलीसुद्धा कोरल्यासारखी येते.

सावली दिसतच नाही

चकचकीत स्टीलवर सावली शोधू नका. आरशासारखा पृष्ठभाग समोरचं प्रतिबिंब दाखवतो, त्यावर सावली धरतच नाही. फार तर तुमचा स्वतःचा हात आणि फोन दिसेल. सावलीला मॅट पृष्ठभाग लागतो: कागद, न पॉलिश केलेलं लाकूड, सुती चादर, साधी भिंत. स्टीलची वस्तू जरूर घ्या, पण तिची सावली मॅट जागेवर पडू द्या.

फ्रेममध्ये गर्दी

छायाचित्रकार आंद्रे केर्तेस यांचा १९२८ चा काट्याचा फोटो जरूर पाहा. ताटलीच्या कडेवर टेकलेला एक काटा आणि त्याची सावली, एवढंच. तरी नजर तिथून हलत नाही. मला वाटतं, या विषयात शिकण्यासारखं जे आहे त्यातलं निम्मं त्या एका चित्रात आहे. सावली हीसुद्धा फ्रेममधली एक वस्तू आहे, तिला जागा ठेवा. एका वस्तूपासून सुरुवात करा. सावलीचं टोक कापलं जात असेल तर वस्तू सरकवा.

ऊन निघून जातं

सूर्य दर २ मिनिटांना स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. कवडसा आल्यावर टेबल आवरायला घेतलं तर उशीर झालेला असतो, त्यामुळे मांडणी आधीच करून ठेवा. सावलीची लांबीही वेळेवर ठरते. सूर्य ४५ अंशांवर असताना ती वस्तूच्या उंचीइतकी असते, ३० अंशांवर पावणेदोन पटीच्या जवळ आणि १५ अंशांवर पावणेचार पटीच्या आसपास. भर दुपारी उघड्यावर बाटलीची लांब सावली मिळत नाही म्हणून खटपट करण्यात अर्थ नाही.

बाकीच्या तक्रारी चटकन सुटणाऱ्या आहेत. सावली दुहेरी दिसत असेल तर खोलीत दुसरा दिवा चालू आहे, तो बंद करा. फोटोवर आडवे पट्टे येत असतील तर तो एलईडी किंवा ट्यूबचा लुकलुकाट असतो. ५० हर्ट्झच्या विजेवर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. ताटली कडेला ताणलेली दिसते? थोडं मागे सरका आणि २एक्स लेन्स वापरा. सगळ्या फोटोवर धुरकट पडदा येत असेल तर लेन्सवर बोटाचा ठसा आहे, मऊ कापडाने पुसा. तिरप्या उन्हात वस्तूवरची धूळही ठळक दिसते, तेव्हा तीही पुसून घ्या.

राहिला रंग. पांढऱ्या कपावर पडलेली सावली निळसर आली तर घाबरू नका. थेट ऊन अडलं, की तिथे निळ्या आकाशाचाच उजेड उरतो. व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) ऑटोवर न ठेवता उन्हाच्या सेटिंगवर, म्हणजे साधारण ५५०० केल्व्हिनवर ठेवा, म्हणजे एका फोटोतून दुसऱ्यात रंग बदलत राहणार नाहीत. निळेपणा नकोच असेल तर फोटो कृष्णधवल करा. नक्षी ठळक असेल तर रंगाची उणीव भासत नाही.