हिरवी खूण आणि नऊ क्रेडिट

अमेरिकेत मास्टर्स करताना कॉलेज फुटबॉलच्या (म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या) ऑफिसात असिस्टंटशिप, म्हणजे शिकता शिकता करायचं पगारी काम, मिळाली, की बहुतेक जण पहिला महिना बजेट वाचण्यात घालवतात. घालवू नका. स्कॉलरशिपचा आकडा बघून डोळे फिरतात, पण ते पैसे क्रीडा विभाग बहुतेक आपल्याच विद्यापीठाला फी म्हणून भरतो; या खिशातून त्या खिशात. खरी रोकड जाते कोचच्या पगारात, आणि मुदतीआधी काढलेल्या कोचच्या भरपाईत. 2025-26 पासून खेळाडूंना थेट पैसे देता येतात. त्या वर्षासाठी त्याची दर विद्यापीठामागे सुमारे 2.05 कोटी डॉलरची मर्यादा सगळ्या खेळांची मिळून आहे, हे मात्र ध्यानात ठेवा.

फसायला होतं ते क्रेडिटमध्ये, म्हणजे पास केलेल्या विषयांच्या श्रेयांकांत. कुठल्याही खेळातल्या खेळाडूला पुढच्या सत्रात खेळायला पात्र राहण्यासाठी आधीच्या सत्रात 6 क्रेडिट पास लागतात. फुटबॉलवाल्याला फॉल सत्रात (ऑगस्ट ते डिसेंबर) 9. समजा, पोराने 12 क्रेडिट घेतले आणि 4 क्रेडिटचं लॅबवालं केमिस्ट्री उडालं. उरले 8. सहाच्या वर आहेत, म्हणून जानेवारीत पात्रतेच्या यादीत हिरवी खूण येते आणि सगळे निर्धास्त. दणका बसतो पुढच्या सीझनला: पहिले चार सामने बाहेर. तोवर उन्हाळी वर्गही संपलेले असतात.

वेळीच कळलं तर मार्ग आहे, घाबरू नका. पुढच्या फॉलआधी एकूण 27 क्रेडिट भरले की सुटका होते: 8 अधिक स्प्रिंगचे (जानेवारीपासूनच्या सत्राचे) 13 अधिक उन्हाळ्यातले 6. चारही सामन्यांची माफी मात्र एकदाच; पुन्हा तेच झालं तर 27 भरूनही दोनच सामने परत. आणि पास झालेला विषय ग्रेड सुधारायला पुन्हा घेतला, तर त्याचे क्रेडिट दुसऱ्यांदा मोजत नाहीत. इथे बेरीज हमखास चुकते.

म्हणून फॉलला 15 घ्यायला लावा. 12 वर बसलेल्याने एक विषय सोडला, तर तो पूर्णवेळ विद्यार्थी राहत नाही आणि सराव त्याच दिवशी बंद. ‘सोपे विषय द्या, पोरं तरतील’ म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला 40 टक्के पदवी झालेली लागते, म्हणजे 120 पैकी 48, आणि त्यात निवडलेल्या मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, लागू होणारेच क्रेडिट धरतात. सोपे विषय तिथे गळतात.

ट्यूटर असाल तर खेळाडूच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. मिझुरी विद्यापीठात एका ट्यूटरने 12 खेळाडूंचं काम करून दिलं. 2019 मध्ये फुटबॉल संघावर पोस्टसीझनची, म्हणजे सीझननंतरच्या सामन्यांची, बंदी आली.

अडलात तर पोझिशन कोचला, म्हणजे खेळाडूच्या जागेपुरतं शिकवणाऱ्या कोचला, गाठा. मोठ्या हुद्द्यांच्या मागे लागू नका. पोराला वर्गात कोण बसवतं, ते या कोचलाच ठाऊक असतं. आणि डिसेंबरचे निकाल लागले, की 6 आणि 9 साठी वेगळे रकाने करून यादी स्वतः तपासा, सॉफ्टवेअर काहीही म्हणो.