आयफोन की अँड्रॉइड, आणि जुना फोन कधी सोडायचा? या चुका टाळा

दसरा-दिवाळीचे सेल लागले की घरोघरी एकच प्रश्न फिरतो: "कोणता घेऊ?" विचारणाऱ्याला मॉडेलचं नाव हवं असतं, आणि सांगणाराही एक नाव सांगून मोकळा होतो. त्याआधी दोन गोष्टी विचारायच्या राहून जातात. या फोनला अपडेट कोणत्या वर्षापर्यंत मिळणार? आणि आत्ताच्या फोनमध्ये जे अडकलंय, म्हणजे गप्पा, फोटो, बँक, ते तिकडे जाणार कसं? मेगापिक्सेलवर मात्र तासभर चर्चा होते.

बॅटरी थकली, म्हणजे फोन संपला असं समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फोन दुपारीच मान टाकतो, मध्येच अडखळतो, आणि आपण नवीन फोन बघायला लागतो. 2017 च्या डिसेंबरात ॲपलने स्वतःच मान्य केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअर कमी करतं, कारण नाहीतर फोन अचानक बंद पडतो. बॅटरी बदलली की तेच फोन पुन्हा नीट चालत होते. ॲपलच्या हिशेबाने आयफोन 14 पर्यंतच्या बॅटरीची क्षमता 500 पूर्ण चार्जनंतर 80 टक्क्यांवर येते, आयफोन 15 पासून 1000 चार्जनंतर. रोज एक पूर्ण चार्ज धरला तर पहिला आकडा दीड वर्षातच गाठला जातो. आयफोनमध्ये ही टक्केवारी सेटिंग्जमध्ये बॅटरीखाली दिसते. काही अँड्रॉइड फोनमध्येही दिसते, नाहीतर सर्व्हिस सेंटरवाले तपासून सांगतात. 80 च्या खाली असेल तर आधी बॅटरीचा खर्च विचारा, फोनचा नंतर.

दुसरा संशयित म्हणजे भरलेलं स्टोरेज. शेवटचे दोन-तीन जीबी उरले की भलाभला फोन रखडतो. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' उघडा, त्यातलं 'मॅनेज स्टोरेज' बघा. फॅमिली ग्रुपवरच्या सुप्रभातांनी आणि त्याच त्या व्हिडिओंनी किती जागा खाल्ली आहे ते तिथे ग्रुपगणिक दिसतं. ते साफ केल्यावर फोन वर्षभर सहज निघाल्याची उदाहरणं मी भरपूर पाहिली आहेत.

मोठं अपडेट आल्या आल्या फोन गरम होतो, बॅटरी पटापट उतरते. तेव्हाही दोन-तीन दिवस थांबा. आत फोटोंची आणि फायलींची नव्याने मांडणी चालू असते.

मग बदलायचा कधी? सुरक्षेचे अपडेट थांबले की. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्जमधल्या 'अबाउट फोन'मध्ये सिक्युरिटी पॅचची तारीख असते. ती वर्षभर जुनी असेल आणि नवीन अपडेट येतच नसेल, तर त्या फोनवर बँकेचं ॲप ठेवू नये असं माझं मत आहे, मग फोन कितीही ठणठणीत असो. आयफोनचं थोडं वेगळं आहे. 2025 मध्ये आलेल्या आयओएस 26 ने (आयओएस म्हणजे आयफोन चालवणारं सॉफ्टवेअर) एक्सआर आणि एक्सएस हे 2018 चे फोन वगळले, पण मोठी आवृत्ती बंद झाल्यावरही ॲपल जुन्या आवृत्तीला काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या देतं. तेव्हा घाबरून त्याच आठवड्यात दुकान गाठायची गरज नाही. व्हॉट्सॲपने हात काढून घेतला की मात्र इलाज नाही. मे 2025 पासून आयओएस 15.1 च्या खाली व्हॉट्सॲप चालत नाही, म्हणून आयफोन 6 वाल्यांना फोन बदलावाच लागला.

अपडेटची वर्षं खरेदीच्या दिवसापासून मोजणं

"सात वर्षं अपडेट" असं पेटीवर वाचून लोक आजपासून सात धरतात. मोजणी फोन बाजारात आला तेव्हापासून होते. सॅमसंगचा गॅलेक्सी एस24 जानेवारी 2024 मध्ये आला, सात वर्षांचं आश्वासन घेऊन. दोन वर्षांनी तो सवलतीत मिळाला तर हातात पाचच वर्षं उरतात. तरीही सौदा चांगला असू शकतो, फक्त किमतीचा भागाकार पाचने करा. गूगलनेही पिक्सेल 8 पासून सात वर्षं दिली. स्वस्तातल्या फोनचं सरसकट सांगता येत नाही. सॅमसंगच्या ए16 फाइव्ह-जीसारख्या साध्या फोनला सहा वर्षं आहेत, तर त्याहून महाग काही फोनना दोन-तीनच. किमतीला उरलेल्या वर्षांनी भागलं की आयफोन-अँड्रॉइड वादातली निम्मी हवा तिथेच निघून जाते.

अमेरिकेतला सल्ला इथे लावणं

यूट्यूबवरचे अमेरिकी परीक्षक हिरव्या-निळ्या मेसेजच्या फुग्यांवर तावातावाने बोलतात. तिकडे ॲपलचा आयमेसेज चालतो, त्यात आयफोनवाल्यांचे मेसेज निळे आणि अँड्रॉइडवाल्याचे हिरवे दिसतात, म्हणून अँड्रॉइडवाला ग्रुपबाहेर पडतो. आपल्याकडे सगळा कारभार व्हॉट्सॲपवर, त्यामुळे तो मुद्दा इथे जवळपास शून्य.

तिकडून भाचा किंवा मुलगी फोन आणणार असेल तर वेगळीच गोष्ट बघायची. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमध्ये आयफोन 14 पासून सिमकार्डाची खाचच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेलं, कार्डाशिवायचं सिम. आबांचं जुनं सिम त्यात बसणार नाही. आधी सिम कंपनीकडून ते ई-सिममध्ये बदलून घ्यावं लागेल. आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये टाकायची सवय असेल तर तीही सोडावी लागेल.

आई-बाबांसाठी निवडताना माझा नियम सरळ आहे: फोन बिघडला की ज्याला फोन येणार, त्याच्याकडे जे आहे तेच घ्या. घरात सगळे अँड्रॉइडवाले आणि आईच्या हातात कौतुकाने दिलेला आयफोन, मग "ते बटण कुठे गेलं" याला पुण्यातून उत्तर देता येत नाही. मराठी टाइप करणं, मराठीत बोलून लिहिणं हेही दुकानात त्यांच्याच हाताने करून बघू द्या.

व्हॉट्सॲपची आठवण दोन दिवसांनी येणं

प्लॅटफॉर्म बदलणाऱ्यांचा, म्हणजे अँड्रॉइडवरून आयफोनवर किंवा उलट जाणाऱ्यांचा, खरा पश्चात्ताप इथे होतो. अँड्रॉइडचा बॅकअप गूगल ड्राइव्हवर, आयफोनचा आयक्लाउडवर, आणि एकाचा दुसऱ्यात उघडत नाही. "बॅकअप आहे ना, मग काय" म्हणणारे इथेच फसतात.

अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना जुन्या फोनवर ॲपलचं 'मूव्ह टू आयओएस' हे ॲप टाका आणि आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच त्यातून गप्पा न्या. आयफोन सेट करून वापरायला लागलात तर तो पुन्हा पूर्ण रीसेट करावा लागतो. नंबर तोच हवा, दोन्ही फोन चार्जरला आणि एकाच वायफायवर हवेत. मध्येच अडकलं तर बहुतेक वेळा कारण साधं असतं: जुन्या फोनवर ते ॲप मागे टाकून कोणीतरी दुसरं काही उघडलेलं असतं, किंवा फोन आपणहून मोबाइल डेटावर गेलेला असतो. डेटा बंद करा, व्हीपीएन बंद करा, ॲप पडद्यावरच राहू द्या आणि पुन्हा सुरू करा. उलट दिशेने, आयफोनवरून अँड्रॉइडवर, केबल लागते आणि तेही नवीन फोन सेट करतानाच. दोन्हीकडे व्हॉट्सॲपच्या कॉलची यादी मात्र येत नाही.

बँकेचं त्याहून नाजूक. यूपीआयचं ॲप सिम आणि फोन यांची जोडी ओळखतं. नव्या फोनवरून एसएमएस गेल्याशिवाय ते सुरू होत नाही, म्हणून सिमवर एसएमएस पाठवता येतो ना ते आधी बघा. त्यानंतरही अनेक बँका पहिले 24 तास 5,000 रुपयांची मर्यादा लावतात, आयफोनवर काहींची मुदत त्याहून लांब. भाडं किंवा फी भरायच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका.

आता एक्सचेंज ऑफर. डिलिव्हरीवाला नवीन फोन देतो आणि जुना तिथल्या तिथे घेऊन जातो. त्याला तो लॉगआउट केलेला, पुसलेला हवा असतो. म्हणजे गप्पा हलवायला, यूपीआय सुरू व्हायला वेळच मिळत नाही, आणि दारात उभा असलेला माणूस घड्याळ बघत असतो. त्याच प्लॅटफॉर्मवर राहणार असाल तर क्लाउडवरच्या बॅकअपवर कसंबसं निभावतं. प्लॅटफॉर्म बदलणार असाल तर एक्सचेंज घेऊच नका. जुना फोन आठवडाभर हाताशी ठेवा, मग विका, दोन-तीन हजार कमी आले तरी. तसंही जाहिरातीतली किंमत "पर्यंत" असते, आणि ओरखडा दिसला की ती दारातच खाली येते.

किमतीच्या आशेवर बसून राहणं

सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी कमी झाला तेव्हा अनेकांनी फोनची खरेदी लांबवली. मोठे टीव्ही 28 वरून 18 टक्क्यांवर आले, फोन मात्र आधीही 18 वर होते आणि तिथेच राहिले. वाट बघायचीच तर सप्टेंबरची बघा, कारण नवे आयफोन आले की आदल्या वर्षीचे उतरतात. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजाच्या भागावरचा जीएसटी लागतोच, तो धरून बेरीज करा.

जुना आयफोन घेणार असाल तर सेटिंग्जमधल्या 'जनरल'मध्ये 'अबाउट' उघडा. आयफोन 11 पासून पुढे बॅटरी किंवा पडदा बदललेला असेल तर तिथे नोंद दिसते. कोणताही वापरलेला फोन असो, पैसे देण्याआधी *#06# दाबून पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, घ्या आणि इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग एक जागा सोडून तो नंबर, असा एसएमएस 14422 वर पाठवा. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर विकणाऱ्याने कितीही पावत्या दाखवल्या तरी तो फोन घेऊ नका.