जनुककुलांची तुलना करताना या चुका टाळा

महागडी प्रयोगशाळा नसली तरी विदर्भातील एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयात बसून तूर, सोयाबीन आणि पऱ्हाटी (कापूस) यांच्या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (इतर जनुके चालू-बंद करणारी प्रथिने) जनुककुलांची, म्हणजे समान उगमाच्या जनुकांच्या गटांची, तुलना करता येते, कारण या पिकांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए क्रम, सर्वांसाठी खुले आहेत. मात्र बहुतेक प्रकल्प फसतात ते मोजणीत.

सर्वांत घातक चूक म्हणजे केवळ जनुकसंख्येवरून निष्कर्ष काढणे. आपल्या वावरात सोयाबीनमध्ये तुरीची तासे असतात, म्हणून या दोन पिकांची तुलना सहज सुचते. रोगप्रतिकाराशी निगडित असलेल्या डब्ल्यूआरकेवाय या ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर कुलाची जनुके मोजली की ती सोयाबीनमध्ये बरीच जास्त भरतात, आणि मग सोयाबीनची रोगप्रतिकारशक्ती अधिक, असे लिहिले जाते. वस्तुतः सोयाबीनच्या पूर्वजाचा संपूर्ण जीनोम सुमारे १.३ कोटी वर्षांपूर्वी दुप्पट झाला व तुरीच्या वंशात ही घटना घडली नाही, त्यामुळे तुरीच्या एका जनुकाला सोयाबीनमध्ये दोन जोडीदार मिळणे अपेक्षितच आहे. कापसातही हेच पाहावे: देशी कापसात २६, तर अमेरिकन कापसात दोन उपजीनोमांची (दोन वेगळ्या पूर्वजांकडून आलेल्या गुणसूत्रसंचांची) मिळून ५२ गुणसूत्रे असतात, म्हणून प्रत्येक उपजीनोमची मोजणी स्वतंत्र करावी. एका जनुकाची अनेक प्रतिलेखने (त्यापासून बनणाऱ्या आरएनए प्रती) वेगवेगळी जनुके म्हणून मोजली जाऊ नयेत, यासाठी प्रत्येक जनुकाचे एकच प्रातिनिधिक प्रथिन ठेवावे.

दुसरी चूक उत्क्रांतिवृक्षात, म्हणजे जनुकांचे नाते दाखवणाऱ्या आकृतीत, होते. या कुलाच्या पहिल्या गटातील प्रथिनांत डब्ल्यूआरकेवाय क्षेत्र (डीएनएला चिकटणारा भाग) दोनदा येते, इतरांत सहसा एकदाच; संपूर्ण प्रथिने जशीच्या तशी जुळवली तर असमान भाग समोरासमोर येतात आणि वृक्ष दिसायला नीटनेटका पण चुकीचा निघतो. सुमारे ६० अमिनो आम्लांचे क्षेत्रच वेगळे काढावे आणि पहिल्या गटाचे दुसरे, म्हणजे शेवटाकडील, क्षेत्र इतरांशी जुळवावे. कुलातील जनुकांचा शोधही केवळ या क्षेत्रातील ठरावीक सात अमिनो आम्लांच्या अक्षरांवरून घेऊ नये, कारण त्यांत बदल असलेली खरी सदस्य जनुके सुटतात. पीफॅम या प्रथिनकुलांच्या संग्रहातील प्रारूप वापरणे अधिक विश्वासार्ह ठरते.

दोन प्रजातींत जनुकाच्या नावातील क्रमांक सारखा असला म्हणून ती जनुके समजात, म्हणजे एकाच पूर्वज जनुकापासून आलेली, ठरत नाहीत. वृक्षातील स्थान आणि शेजारच्या जनुकांचा क्रम दोन्ही तपासावे.

एखादे जनुक तुरीत नाहीच असे लिहिण्यापूर्वी सोयाबीनमधील त्याचे प्रथिन घेऊन तुरीच्या मूळ डीएनए क्रमात सहाही वाचनचौकटींत (डीएनए तीन-तीन अक्षरांनी वाचण्याच्या सहा पद्धतींत) शोध घ्यावा, कारण पुष्कळदा जनुक जागेवर असते आणि भाष्यातून, म्हणजे जीनोमवर केलेल्या जनुकांच्या नोंदींतून, तेवढे निसटलेले असते.