गाडी धुण्याचं काम शिकताना: पाणी, चेन आणि पॉलिश

वॉशिंग सेंटरवर नवीन लागलेल्या पोराच्या हातात पहिल्याच दिवशी प्रेशरची गन देतात. ते चुकीचं आहे. गन चालवायला सगळ्यात सोपी, आणि नुकसानही सगळ्यात जास्त तीच करते. चारचाकीला सगळीकडून पत्रा असतो. मोटरसायकलचं वायरिंग, चेन, ब्रेक, बेअरिंग सगळं उघड्यावर. त्यामुळे पाणी कुठं मारायचं नाही, हे हाताला आधी कळलं पाहिजे. पहिला आठवडा बादली, ब्रश आणि फडक्यावरच काढावा.

गाडी आली की ओली करण्याआधी फोटो काढा: टाकीच्या दोन्ही बाजू, सायलेन्सर, इंडिकेटर, मीटरवरचे किलोमीटर. धुळीखाली दडलेला ओरखडा धुतल्यावर दिसतो आणि तुमच्या नावावर जातो, म्हणून मालक उभा असतानाच दाखवून ठेवा. मग इंजिन गार होऊ द्या, वीस ते तीस मिनिटं. तापलेल्या बेंड पाइपवर (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीवर) गार पाणी पडलं की क्रोमवर डाग बसतात आणि शाम्पू जागच्या जागी वाळून पांढरे ओघळ सोडतो. सायलेन्सरच्या तोंडाला रबरी बूच किंवा प्लॅस्टिकची पिशवी लावा, चावीच्या भोकावर चिकटपट्टी. बुचाला लाल चिंधी बांधली की काढायचं विसरत नाही.

आता गन. पसरट फवारा ठेवा आणि अंतर किमान दोन फूट. चाकाच्या हबचा मध्य, हँडलखालचा कोन सेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंग), चेन, हँडलवरची बटणं, स्पार्क प्लगची टोपी, रेडिएटरची जाळी आणि एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड, या जागांवर सरळ झोत मारायचा नाही. बेअरिंगचं सील धूळ आणि पाऊस अडवण्यासाठी असतं, प्रेशरचं पाणी अडवण्यासाठी नाही. पाणी आत गेलं की ग्रीस दुधासारखं पांढरं होतं आणि बेअरिंग गंजायला लागतं. त्या दिवशी काहीच कळत नाही. काही आठवड्यांनी चाक घरघरतं, हँडल मधोमध अडकल्यासारखं वळतं, आणि धुण्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

इंजिनावरचं तेलकट काढायला डिझेल फवारायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी आहे. ती मोडायला हवी. डिझेलने गाडी तासभर चमकते, पण त्याचा थर उरतो आणि त्यावर दुप्पट धूळ बसते. रबराचे भाग फुगून मऊ पडतात. एखादा ओघळ डिस्कवर किंवा ब्रेकच्या ड्रममध्ये गेला तर ब्रेकच लागत नाही. पाण्यात मिसळणारं डिग्रीझर एकास दहा करून घ्या, मऊ ब्रशने लावा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि वाळायच्या आत धुऊन टाका. कॉस्टिकवाला क्लीनर मात्र नको, त्याने उघडं ॲल्युमिनियम काळं पडतं.

गाडीचं अंग धुण्याच्या आधी चेन. चेनची घाण रिमवर आणि टायरवर उडते, म्हणून ती शेवटी केली तर धुतलेली गाडी परत धुवावी लागते.

गाडी मेन स्टँडवर किंवा पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणाऱ्या सुट्या स्टँडवर), गिअर न्यूट्रल, इंजिन बंद आणि चावी खिशात. हे चार शब्द नवख्याने पाठच करावेत. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनवर फडकं धरणारे लोक आहेत. चेन आणि स्प्रॉकेटच्या (चेन ज्यावर फिरते त्या दातेरी चकतीच्या) मध्ये फडकं ओढलं जातं, फडक्यामागे बोट जातं, आणि ते परत येत नाही. चाक हातानेच फिरवायचं.

चेन कसली आहे ते बघा. दोन पट्ट्यांच्या मध्ये बारीक काळी रबरी कडी दिसली तर ती ओ-रिंगची चेन. तिच्या पिनांभोवतीचं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं आणि ती कडी ते आत कोंडून ठेवते. अशा चेनला पेट्रोल लावलं की रबर खराब होतं, तारेचा ब्रश मारला की कडी फाटते. मग ग्रीस बाहेर आणि पाणी आत. पट्ट्यांच्या फटीतून तांबडी पूड यायला लागली की समजा, तिथलं सील गेलं. ही चेन साफ करायला रॉकेल किंवा चेन क्लीनर आणि नायलॉनचा मऊ ब्रश पुरतो. वरून, खालून आणि दोन्ही बाजूंनी घासा, पाण्याने धुवा, फडक्याने कोरडी करा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या चेनवर लूब (चेनचं वंगण) मारलं तर ते पाण्यावर तरंगतं, धातूला लागत नाही.

लूब चेनच्या आतल्या अंगाला मारायचं, म्हणजे दोन स्प्रॉकेटच्या मधल्या खालच्या पट्ट्यावर वरच्या बाजूने. चेन फिरते तेव्हा ते बाहेरच्या दिशेने फेकलं जातं आणि पट्ट्यांच्या मध्ये पोचतं. चाकाचे दोन-तीन फेरे, पातळ थर, आणि पंधरा मिनिटांनी वरचं जादा पुसून टाका. भसाभसा मारलेलं लूब संध्याकाळपर्यंत रिमवर आणि टायरच्या कडेला असतं. ९० नंबरचं गिअर ऑइलही चालतं. जुनं काळं इंजिन ऑइल नको, त्यात धातूचा कीस असतो. हे सगळं दर ५०० किलोमीटरला, पावसात ३००ला.

ताण बघितल्याशिवाय चेन सोडू नका. खालच्या पट्ट्याच्या मधोमध बोटाने वर-खाली करून मोजायचं. १०० ते १५० सीसीच्या रोजच्या गाड्यांना साधारण २० ते ३० मिलिमीटर असतं, पण गाडीवरचा स्टिकर सांगेल तेच खरं. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी मोजा आणि जिथं चेन सगळ्यात आवळलेली आहे तिथलं माप धरा. आवळ चेन जास्त वाईट, कारण माणूस बसला की ती आणखी ताणते आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. घट्ट करताना आधी ॲक्सलचा नट सैल करा, मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवा. खुणा दोन्हीकडे एकाच रेघेवर आल्या पाहिजेत. मागे ड्रम ब्रेक असेल तर चाक सरकल्यावर पेडलचं अंतर बदलतं, ते परत लावा. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागून चेनची एक कडी ओढून बघा. अर्धा दात उघडा पडला, किंवा दात कोयत्यासारखे वाकलेले दिसले, तर चेन किट (चेन आणि पुढचा-मागचा स्प्रॉकेट) संपलं. तिन्ही भाग एकदमच बदलायचे, नव्या चेनला जुना स्प्रॉकेट महिन्याभरात खातो.

आता अंग. दोन बादल्या घ्या, एकीत पाच लिटर पाण्याला ५० मिली शाम्पू, दुसरीत नुसतं पाणी. कपड्याची पावडर आणि भांड्यांचं लिक्विड वॅक्स काढून टाकतात. आधी भरपूर साध्या पाण्याने माती सुटू द्या. कोकणातली लाल माती सुकून बसली असेल तर पाच मिनिटं भिजत ठेवा, घासायची घाई करू नका. हातमोजा वरून खाली न्यायचा आणि प्रत्येक भाग झाला की दुसऱ्या बादलीत पिळायचा. टाकीवर उन्हात दिसणारं कोळ्याच्या जाळ्यासारखं बारीक रेघांचं वर्तुळ हे मळक्या फडक्याचंच काम असतं. चाकांचं फडकं वेगळं, ते टाकीला कधीच लागता कामा नये. आणि सगळं सावलीत. बोअरच्या जड पाण्याचे थेंब उन्हात वाळले की पांढरे ठिपके राहतात. ते निघाले नाहीत तर पांढरं व्हिनेगर निम्म्या पाण्यात मिसळून पुसा आणि लगेच धुवा.

पॉलिशला हात घालण्याआधी एक आकडा लक्षात ठेवा. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ३० ते ५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसापेक्षाही पातळ. प्रत्येक कंपाउंडिंगमध्ये (ओरखडे घालवायला रंग घासण्यात) त्यातलं थोडं कायमचं जातं. म्हणून आधी सहा इंचांच्या चौकोनात करून बघा, सगळ्यात सौम्य पॉलिशने. टाकीच्या कडा आणि स्टिकर मास्किंग टेपने झाका, कडेवर थर सगळ्यात पातळ असतो. प्लॅस्टिकच्या पॅनेलवर मशीन एका जागी थांबलं तर रंग जळतो, तिथं हातानेच केलेलं बरं. मॅट रंगावर पॉलिश आणि वॅक्स दोन्ही नको, घासलेल्या जागी चकाकणारा डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही. सिरॅमिक कोटिंग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आधीच सांगा की ओरखडे त्याखाली जसेच्या तसे राहतात.

टायरच्या नक्षीवर, डिस्कवर, फूटरेस्टच्या रबरावर आणि सीटवर चमकीचं काहीही लावायचं नाही. दिसायला छान दिसतं आणि पहिल्याच वळणावर माणूस पडतो. डिस्कला सिलिकॉन उडालं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ब्रेक पॅडनी तेल शोषलं असेल तर ते साफ होत नाहीत, बदलावेच लागतात.

धुतल्यावर गाडी चालू होत नसेल तर घाबरून बॅटरी संपवू नका. आधी किल स्विच (इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण) बघा, पुसताना तो हमखास सरकतो. मग साइड स्टँडचा स्विच, मग प्लगची टोपी काढून आतलं पाणी ब्लोअरने किंवा कोरड्या कापडाने काढा. बऱ्याचदा इतक्यानेच काम होतं.

धुणाऱ्याचा हात गाडीच्या प्रत्येक भागावरून फिरतो, मेकॅनिकचा फिरत नाही. त्याचा फायदा घ्या. स्पोकला पान्याने हलकेच टिचकी द्या: ताणलेला स्पोक टणकन वाजतो, सैल झालेला थड्ड करतो. फोर्कच्या नळीवर तेलाचा कडा दिसतो का, क्लचची केबल लिव्हरपाशी उसवली आहे का, पॅडचं अस्तर २ मिलिमीटरपेक्षा कमी राहिलं आहे का, हे पुसतानाच दिसतं. दिसेल ते पावतीवर लिहा.

गाडी मालकाच्या हाती देण्याआधी आवारातच दहा-पंधरा मीटर चालवा, दोन्ही ब्रेक हलके दाबत, ड्रम आणि डिस्क सुकेपर्यंत. ब्रेक नेहमीसारखा धरला की मगच चावी द्या. आणि बूच काढलं का, ते बघा.