‘झुंजूमुंजू’ लिहिताना या चुका टाळा

पहाटेच्या उजेडासाठी मराठीत असलेले सगळे शब्द एकमेकांच्या जागी चालतात, असा समज ललित लेखनात फार रुळला आहे आणि त्याचा सर्वाधिक फटका ‘झुंजूमुंजू’ या शब्दाला बसतो. ‘झुंजूमुंजू झाली आणि कोवळी उन्हे अंगणात पसरली’ अशा धर्तीची वाक्ये माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कथांत वारंवार भेटतात. या एका वाक्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक अर्थाची. अंधार पुरता सरलेला नाही आणि उजेड पुरता आलेला नाही, अशा वेळचा अंधूक उजेड म्हणजे झुंजूमुंजू. त्यात उन्हाला जागाच नाही. आमच्या आजीची खूण साधी होती. गोठ्याच्या दारातून पाहताना वाटेने कुणी येते आहे एवढे दिसते, पण घरचे माणूस की परके हे कळत नाही, तोवर झुंजूमुंजू. चेहरा ओळखू आला की ‘उजाडले’. आजीची ही खूण आकाशाच्या हिशेबाशीही जुळते. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की पूर्वेला पहिला फिकट उजेड येऊ लागतो आणि ६ अंशांवर आला की उघड्यावरच्या वस्तू दिव्याशिवाय स्पष्ट दिसतात. महाराष्ट्रात यातली पहिली वेळ सूर्योदयाच्या साधारण सव्वा तास आधी, तर दुसरी २२ ते २५ मिनिटे आधी येते, म्हणजे झुंजूमुंजू या दोहोंच्या मधले. म्हणून झुंजूमुंजू झाल्यावर कथेत ऊन आणायचे असेल, तर मध्ये पात्राच्या हातून अर्ध्या तासाचे काम होऊ द्यावे: धारा काढून व्हाव्यात, चूल पेटावी, चहा उकळावा.

दुसरी चूक लिंगाची आहे. ‘पहाट’ स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘पहाट झाली’ हे बरोबर. पण तिच्या ओघात ‘झुंजूमुंजू झाली’ लिहू नये. ‘झुंजूमुंजू झाले’, बोलण्यात ‘झालं’, हीच रूढी आहे.

‘पहाट’ हे वेळेचे नाव आहे, उजेडाचे नाही. मार्गशीर्षातली चारची पहाट मिट्ट काळोखी असते. ‘तांबडे फुटणे’ पूर्वेच्या रंगाबद्दल बोलते. आषाढात आभाळ गच्च भरलेले असताना तांबडे फुटत नाही, तरी झुंजूमुंजू होतेच, आणि पावसाळी प्रसंग लिहिणाऱ्याने हा फरक जपावा, असे मला मनापासून वाटते.

‘अरुणोदय’ अधिक जपून वापरावा. काव्यात तो लालसर पूर्वेसाठी शोभतो. पंचांगात मात्र सूर्योदयापूर्वीच्या ४ घटका, म्हणजे ९६ मिनिटे, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे आणि त्या काळाच्या आरंभी आपल्याकडे आकाश अजून काळे असते. वारकरी पाळतात ती भागवत एकादशी ठरवताना दशमी या अरुणोदयकाळात शिरते का, हे पाहिले जाते. वारकरी घरातला प्रसंग असेल, तर वाचक हाच अर्थ घेण्याची शक्यता मोठी आहे.

‘कातरवेळ’ आणि ‘तिन्हीसांज’ संध्याकाळच्याच; त्या सकाळी आणू नयेत. ‘संधिप्रकाश’ दोन्ही वेळांचा आहे, म्हणूनच संधिप्रकाश रागांत सकाळचा भैरवही येतो आणि सायंकाळचा मारवाही.

आता लेखनाचे. ‘झुंजुमुंजु’, ‘झुंजुमुंजू’ आणि ‘झुंजूमुंजू’ ही तिन्ही रूपे छापलेली दिसतात. पुनरुक्त शब्दांतील दुसरे आणि चौथे अक्षर इकारान्त किंवा उकारान्त असल्यास दीर्घ लिहावे, असा मराठी लेखनाचा नियम आहे: हळूहळू, चिरीमिरी. नादानुकारी शब्दांना त्यातून सूट आहे, म्हणून रुणुझुणु, दुडुदुडु. उजेडाला नाद नसतो, तेव्हा मी ‘झुंजूमुंजू’ लिहिते.

‘उषःकाल’ आणि ‘प्रातःकाल’ यांत विसर्ग आहे. ‘उषकाल’ हे रूप अशुद्ध ठरते. टंकताना पुष्कळ जण विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे (:) चिन्ह देतात. दिसायला दोन्ही जवळजवळ सारखीच, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी अक्षरे असल्यामुळे शोध घेताना शब्द सापडत नाही आणि ओळीच्या शेवटी तो मधोमध तुटूही शकतो. मजकूर पूर्ण झाल्यावर ‘उष’ एवढेच शोधून प्रत्येक ठिकाणी पुढचे चिन्ह पुसावे आणि कळफलकावरचा विसर्ग पुन्हा द्यावा.