सिद्धता लिहिताना नेमकं कुठं अडतं

दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बेळगावात इंग्रजीतून पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) आणि पुढं बी.एस्सी.ला गणित. खानापूर-निपाणीकडच्या बऱ्याच पोरांची हीच वाट, माझीही. पीयूसीला गणितात भरपूर मार्क पडलेलेही कॉलेजात 'सिद्ध करा' दिसलं की अडतात आणि दोष देतात इंग्रजीला. खरं तर लेट, सपोज, देअरफोर, सच दॅट एवढ्यावर निम्मी वही भरते. अडतं ते विधान नीट वाचण्यात.

'खानापूरच्या प्रत्येक बसमध्ये एक तरी सीट रिकामी असते.' याचा नकार काय? बहुतेक जण म्हणतात, 'कुठल्याच बसमध्ये रिकामी सीट नसते.' चूक. 'एक तरी बस अशी असते, जिच्यात एकही सीट रिकामी नसते', एवढंच. (सकाळी कॉलेजच्या वेळेची बस धरा, उदाहरण शोधावं लागत नाही.) लिमिटच्या व्याख्येत असेच 'प्रत्येक' आणि 'एक तरी' एकामागोमाग येतात, त्यांचा क्रम बदलला की अर्थच बदलतो. एप्सिलॉन-डेल्टाला, म्हणजे लिमिटच्या त्याच व्याख्येला, हात घालण्याआधी नुसते नकार लिहायचा सराव करा.

√२ अपरिमेय आहे, ही सिद्धता दहावीलाच पाठ होते. √२ = अ/ब धरलं तर अ² = २ब², म्हणजे अ² सम, म्हणून अ सम. या 'म्हणून'वर बोट ठेवा. का बरं? सरळ गेलं तर हाताला काही लागत नाही. उलट बाजूनं या. अ विषम असेल तर अ = २क + १, त्याचा वर्ग २(२क² + २क) + १, तोही विषम. मग अ² सम असताना अ विषम असणार कसा? पाठ केलेल्या सिद्धतेतली अशी एकेक ओळ उसवून बघण्यात मी जेवढं शिकलो, तेवढं नोट्स उतरवून नाही.

इंडक्शनला उगाच घाबरतात. साचा ठरलेला आहे: विधान पहिल्या संख्येला खरं, आणि एका संख्येला खरं असेल तर पुढचीलाही खरं, म्हणून सगळ्यांना खरं; पहिली पायरी तपासायची तेवढी विसरू नका. आणि चार उदाहरणं जमली म्हणून सिद्ध झालं असं नाही. न² + न + ४१ मध्ये न ला ० ते ३९ कुठलीही किंमत द्या, मूळ संख्याच येते. ४० घातलं की १६८१, म्हणजे ४१ गुणिले ४१.

अजून पीयूसीत असाल तर आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या) बी.मॅथ. प्रवेशपरीक्षेचे जुने पेपर काढा. हा कोर्स बंगळूरलाच आहे. त्यातल्या लेखी पेपरात सीईटीसारखे पर्याय नसतात, कारणं लिहावी लागतात. रोज एकच गणित घ्या, नि उत्तर लगेच बघू नका.